परदेशी चेक वटला, असं नक्की कधी म्हणायचं?

२०२५ साली चार दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. ३० सप्टेंबरपासून अमेरिकेच्या केंद्र सरकारने कागदी चेक देणं बंद करायला घेतलं. तसा आदेश राष्ट्राध्यक्षांनी मार्चमध्येच काढला होता. आणि ४ ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेने आपल्याकडचे चेक दिवसभर सतत वटवायची पद्धत लागू केली. तेव्हाच्या वेळापत्रकानुसार सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात चेक पुढे गेला, की पैसे द्यायचे की नाही हे समोरच्या बँकेने त्याच संध्याकाळी ७ पर्यंत सांगायचं होतं.

या दोन बातम्यांची मग घरोघरी खिचडी झाली. कुणाला वाटलं, कपाटातला डॉलरचा चेक आता रद्दीत गेला. कुणाला वाटलं, आता डॉलरचाही चेक संध्याकाळपर्यंत खात्यात. दोन्ही चूक.

मुंबईत अशा चेकचे धनी कमी नाहीत. अमेरिकेत शिकून परतलेल्या मुलीच्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट महिन्याभराने चेकने येतं. कुणाचा तिकडच्या टॅक्सचा परतावा, कुणाचा शेअरचा लाभांश. नाटकाचा किंवा गाण्याचा दौरा करून आलेल्या कलावंताला तिथल्या मंडळाने मानधन चेकने दिलेलं असतं. आणि पुतण्याने काकूच्या पंचाहत्तरीला पाकिटात घातलेला, आता देवघराच्या फळीवर पडून असलेला चेकही असतोच.

चेक जिथला, तिथेच वटतो

चेक म्हणजे पैसे नव्हेत. चेक म्हणजे खातेदाराने स्वतःच्या बँकेला दिलेला लेखी हुकूम: "या व्यक्तीला माझ्या खात्यातून एवढी रक्कम द्या." हा हुकूम फक्त ती एकच बँक पाळू शकते. त्यामुळे चेक जगात कुठेही भरा, तो कागद किंवा त्याचं चित्र शेवटी त्या बँकेपर्यंत जावं लागतं.

आपल्या चेकसाठी देशात एक समाईक व्यवस्था आहे. मुंबईच्या चेकवर खाली छापलेल्या नऊ आकडी कोडची सुरुवात ४०० ने होते, पिनकोडसारखीच. त्यावरून यंत्राला शहर, बँक आणि शाखा कळते. अमेरिकन चेकवरही खाली नऊ आकडी कोड असतो, अगदी तशाच चौकोनी अक्षरांत. पण तो त्यांच्या व्यवस्थेतला. आपल्या यंत्राला त्यातलं काही उमगत नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या नव्या वेळापत्रकाचा त्या चेकशी काडीचा संबंध नाही.

इथे एक बारकावा नेहमी निसटतो. चलन कोणतं, यापेक्षा बँक कुठली हे महत्त्वाचं. कॅनडातल्या बँकेवरचा अमेरिकन डॉलरचा चेक कॅनडालाच जातो. आणि मस्कतच्या भावाने आपल्या मुंबईतल्या एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्याचा चेक दिला असेल, तर तो सरळ आपला देशी चेक. नेहमीच्या पेटीत टाकायचा.

मुंबईत भरला तर

जवळच्या शाखेत गेलात तर "हे इथे होत नाही" असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच. त्यात काउंटरवरच्या माणसाचा दोष नसतो. परकीय चलनाचं काम ठरावीक शाखांतच चालतं. मुंबईत त्या फोर्ट, नरिमन पॉइंट, बीकेसी अशा भागांत आहेत. बाकीच्या शाखा चेक घेऊन तिकडे पाठवतात. काही बँका आता परदेशी चेक घेतच नाहीत. म्हणून आधी फोन करून विचारा: कुठल्या देशाचे चेक घेता, किमान रक्कम किती, आणि एकूण खर्च किती?

चेक घेतला, की दोन वाटा. पहिली आणि नेहमीची वाट म्हणजे कलेक्शन. आपली बँक तो चेक परदेशातल्या एका बँकेकडे पाठवते, जिथे तिचं स्वतःचं डॉलरचं किंवा पौंडाचं खातं असतं. या खात्याला नोस्ट्रो म्हणतात. चेकचे पैसे आधी तिथे जमा होतात. त्यानंतरही आपली बँक काही दिवस थांबते, चेक परत तर येत नाही ना हे पाहायला. मगच रुपये तुमच्या खात्यात येतात. याला काही आठवडे सहज लागतात. यासाठी बँका "शक्य तेवढा प्रयत्न करू" एवढंच म्हणतात. तारीख देत नाहीत.

दुसरी वाट म्हणजे बँकेने चेक विकत घेणं. पैसे लगेच मिळतात, पण भाव थोडा कमी, आणि ही सोय बँक ओळखीच्या, पत असलेल्या ग्राहकालाच देते. चेक परत आला तर ती रक्कम तुमच्याकडून वसूल होते, आणि तीही विक्रीच्या भावाने. म्हणजे बँकेने तुमचा डॉलर स्वस्तात घेतलेला असतो आणि तुम्हाला तो महागात परत घ्यावा लागतो. वर व्याज आणि दंड. पैशाची फारच निकड नसेल तर या वाटेला जाऊ नये.

आता खर्च. समजा चेक १२० डॉलरचा आहे आणि डॉलर ८५ रुपये धरला. कागदावर १०,२०० रुपये. तिकडच्या बँकेने २० डॉलर कापले, उरले १०० डॉलर, म्हणजे ८,५०० रुपये. इथलं कमिशन ५०० आणि कुरिअर १,००० धरलं, तर त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १,७७०. चलन बदलण्यावर वेगळा जीएसटी असतो. लहान रकमेला तो किमान ४५ रुपये. हातात पडले ६,६८५. कमिशनचे आणि कापणीचे आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, बँकेबँकेत ते बदलतात. पण साडेतीन हजार रुपये वाटेतच संपू शकतात, हे त्यावरून दिसावं. याच चेकवर ५,००० डॉलर लिहिलेले असते तर एवढी कापणी जाणवलीही नसती. लहान रकमेचा परदेशी चेक हा बहुतेक वेळा तोट्याचा सौदा आहे.

चेक उलटसुलट नीट पाहा

अमेरिकन चेक हातात घ्या. वर उजवीकडे तारीख, त्यात महिना आधी. ०५/०८/२०२५ म्हणजे ८ मे, ५ ऑगस्ट नव्हे. या तीन महिन्यांच्या फरकात चेक शिळा होऊ शकतो.

आपल्याकडे चेकची मुदत १ एप्रिल २०१२ पासून तीन महिने आहे, पण ती आपल्या चेकची. अमेरिकेत सहा महिन्यांपेक्षा जुना साधा चेक भरायला बँक बांधील नसते. ब्रिटनमध्येही सहा महिन्यांचाच रिवाज. अमेरिकन सरकारी खजिन्याचा चेक वर्षभर चालतो, त्यामुळे आदेश निघाला म्हणून तो जुना चेक आपोआप बाद होत नाही. उलट काही खासगी चेकवर "९० दिवसांनंतर रद्द" असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. आणि पाच महिने उलटलेला चेक घेऊन फोर्टात गेलात तर बँक नको म्हणेल, कारण तो तिकडे पोचेपर्यंत शिळा होईल.

मग नाव. पासपोर्टावर तुमचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव असं तिहेरी नाव. चेकवर नुसतं पहिलं नाव आणि आडनाव, तेही एखादं अक्षर गाळून. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीच्या जुन्या नावाचा चेक तर ठरलेलाच. खात्याशी नाव जुळत नसेल तर काउंटरवर वाद घालण्यापेक्षा चेक देणाऱ्याकडून नवा मागवा. नवरा-बायकोच्या नावांमध्ये "अँड" असेल तर दोघांच्याही सह्या लागतात, "ऑर" असेल तर एकाची पुरते. एकत्र भरलेल्या अमेरिकन टॅक्सच्या परताव्यावर दोन्ही नावं येतात. एक जण मुंबईत आणि दुसरा अजून तिकडेच असेल, तर तो चेक दोन खंडांमध्ये लोंबकळतो.

आता मागची बाजू. वरच्या टोकाला सहीसाठी दोन-तीन रेघा, आणि त्याखाली "या रेघेखाली लिहू नका, शिक्का मारू नका, सही करू नका" अशी सूचना. आपल्या शाखेत चेक आला, की हात आपसूक रबरी शिक्क्याकडे जातो आणि शिक्का नेमका त्या रेघेखाली बसतो. मग स्लिप आणि चेक एकत्र ठेवायला स्टेपलर. काउंटरवर उभे असाल तर नम्रपणे सांगा: "साहेब, याला टाचणी नको, मागे शिक्काही नको." तिथे यंत्र चेकचं चित्र घेतं, त्यात डाग, भोक, घडी काहीच चालत नाही. आपल्या सवयीने कोपऱ्यात दोन तिरप्या रेघाही ओढू नका.

सोबत घेऊन गेलो तर?

पुढच्या महिन्यात तुम्ही स्वतःच तिकडे जाणार असाल, तर चेक मुंबईत न भरता सोबत नेण्यात शहाणपण असू शकतं. कुरिअर वाचतो, चेक आपल्या गावी पोचतो. पण देश कोणता, त्यावर सगळं अवलंबून आहे.

अमेरिकेत ज्या बँकेवर चेक आहे त्याच बँकेच्या शाखेत खातं नसलेल्यालाही रोख मिळू शकते. पासपोर्ट लागतो, बहुधा आणखी एक ओळखपत्र, काही ठिकाणी अंगठ्याचा ठसा, आणि थोडी फी. रकमेची मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी. चेक देणारा माणूस सोबत आला तर काम बरंच सोपं होतं. दुसऱ्या बँकेत मात्र खात्याशिवाय कुणी दाद देत नाही. रस्त्यावर चेक वटवून देणारी दुकानं असतात. ती टक्केवारी घेतात आणि बहुधा तिथलंच ओळखपत्र मागतात.

ब्रिटनचं गणित वेगळं. तिथले चेक "अकाउंट पेयी" असे रेघा मारूनच छापलेले असतात आणि १९९२ च्या कायद्यामुळे ते दुसऱ्याच्या नावे फिरवता येत नाहीत. ज्याचं नाव, त्याच्याच खात्यात. म्हणजे लंडनच्या काकांनी दिलेला चेक घेऊन तुम्ही लंडनलाच गेलात आणि तिथे तुमचं खातं नसेल, तर तो वटत नाही. तो मुंबईच्या बँकेमार्फतच न्यावा लागतो, किंवा काकांना सांगायचं की थेट पैसे पाठवा.

"मग मुलाच्या खात्यात भरू की!" अमेरिकेत चेकच्या मागे "अमुक व्यक्तीला द्यावे" असं लिहून सही केली, की तो दुसऱ्याला देता येतो, कायद्याने. प्रत्यक्षात बऱ्याच बँका असा तिसऱ्याच्या नावाचा चेक नाकारतात किंवा दोघांनाही समोर उभं करतात. आधी मुलाने त्याच्या बँकेला विचारावं.

आणि हे कटाक्षाने पाळा: प्रवासात चेकच्या मागे सही करून ठेवू नका. नुसती सही केलेला चेक म्हणजे ज्याच्या हातात तो मालक. विमानतळावर पाकीट हरवलं तर सापडणाऱ्याची चांदी. शिवाय अमेरिकेत शिरताना किंवा तिथून निघताना रोकड आणि असे सही केलेले चेक मिळून १०,००० डॉलरच्या वर गेले, तर ते जाहीर करावं लागतं. नेण्याला बंदी नाही. लपवणं मात्र गुन्हा आहे. सही बँकेच्या काउंटरवर करा. खात्यातच भरायचा असेल तर सहीवर "फॉर डिपॉझिट ओन्ली" लिहा, म्हणजे त्यावर कुणाला रोख उचलता येत नाही.

"पण तिकडे तर दुसऱ्याच दिवशी पैसे दिसतात"

दिसतात. आणि तिथेच माणूस फसतो.

अमेरिकन नियमानुसार बँकेला साध्या चेकमधले पहिले २७५ डॉलर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी आणि उरलेले सहसा त्याच्या पुढच्या दिवशी वापरायला मोकळे करावे लागतात. यात चेक खरा आहे की खोटा याचा निवाडा झालेला नसतो. ही तात्पुरती जमा म्हणजे साखरपुडा. पेढे वाटून झाले, हॉल बघायला सुरुवात झाली, पण अक्षता पडलेल्या नाहीत. समोरून निरोप आला की सगळं मोडतं.

आणि निरोप फार उशिराही येऊ शकतो. खात्यात पैसे नाहीत म्हणून येणारा नकार लवकर कळतो. पण पाठीमागची सही खोटी निघाली, किंवा नाव खोडून बदललेलं निघालं, तर दावा करायला तिथल्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत वाव आहे. आपल्या बँका पैसे येऊनही थांबतात आणि "चेक परत आल्यास रक्कम वसूल केली जाईल" यावर आपली सही घेतात, ती यासाठी. तो अडेलतट्टूपणा नव्हे.

ब्रिटनने हा घोळ बराच मिटवला आहे. २०१७ च्या ऑक्टोबरपासून तिथे चेकची चित्रं फिरतात, आणि कामकाजाच्या एका दिवशी भरलेल्या चेकचा फैसला दुसऱ्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंत होतो. त्यानंतर, तुम्ही स्वतः लबाडीत सामील नसाल तर, पैसे काढून घेता येत नाहीत. अमेरिकेत तोच फैसला लांबत राहू शकतो. चित्रं तिथेही २००४ पासून चालतात. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानं जमिनीवर खिळली आणि विमानाने फिरणारे चेक अडकून पडले, तेव्हा त्यांना त्याची निकड पटली. पण वेग वाढला म्हणून अखेरचा शब्द लवकर मिळू लागला, असं झालं नाही.

भामटे नेमकी हीच फट वापरतात. तुम्ही जुनी वस्तू ऑनलाइन विकायला काढता. परदेशातला कुणी ८०० डॉलरच्या वस्तूसाठी ३,००० चा चेक पाठवतो, "हिशेबात चूक झाली, वरचे परत पाठवा" म्हणतो. खात्यात पैसे दिसतात, तुम्ही सज्जनपणे २,२०० परत करता. काही दिवसांनी चेक खोटा ठरतो आणि सगळे ३,००० तुमच्या खात्यातून वजा होतात. बँकेने स्वतः काढलेला वाटणारा छापील चेकही खोटा असू शकतो. जास्तीची रक्कम परत मागणारा चेक आला, की तो बँकेत नेऊच नका.

आपला चेक किंवा ट्रॅव्हलर्स चेक नेला तर?

आपलं रुपयाचं चेकबुक परदेशात निरुपयोगी आहे, घरीच ठेवा. ट्रॅव्हलर्स चेक मात्र चांगली कल्पना होती. विकत घेताना एक सही, वटवताना दुसरी, दोन्ही जुळल्या की पैसे, आणि हरवले तर भरपाई. अमेरिकन एक्स्प्रेसने १८९१ मध्ये काढलेल्या या चेकची जागा आता फॉरेक्स कार्डाने घेतली आहे. वडिलांच्या कपाटात न वापरलेले सापडले तर फेकू नका. अमेरिकन एक्स्प्रेसच्या चेकला मुदत नसते.

परत येताना

भारतात राहणाऱ्याला परदेशातून येणं असलेले पैसे भारतात आणावे लागतात, हा फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचा मूळ नियम. त्यामुळे "असू दे तिकडेच मुलाच्या खात्यात" हे बोलायला सोपं, नियमात बसवायला अवघड. परदेशात राहत असताना उघडलेलं तुमचं स्वतःचं जुनं खातं चालू ठेवता येतं. पण ते आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायला विसरू नका, शिल्लक चाळीस डॉलर असली तरी.

चेक वटवून रोख आणलीत, तर परतल्यापासून १८० दिवसांत ती बँकेला किंवा अधिकृत चलन विक्रेत्याला विकायची. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवायला मुभा आहे. डॉलरच्याच रूपात ठेवायचे असतील तर आरएफसी डोमेस्टिक नावाचं खातं मिळतं. त्यावर व्याज नाही. नोटा ५,००० डॉलरहून जास्त असतील तर सहार विमानतळावर कस्टमकडे फॉर्म भरायचा.

मंडळांच्या खजिनदारांसाठी एक वेगळा इशारा. परदेशी नागरिकाकडून आलेला देणगीचा चेक मंडळाच्या नेहमीच्या खात्यात टाकू नका, मग तो नागरिक मूळचा गिरगावचा का असेना. त्यासाठी एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचा) परवाना लागतो आणि पैसे स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाची त्याच्या स्वतःच्या कमाईतली देणगी यात येत नाही.

मग चेक घ्यायचाच कशाला?

शक्यतो घेऊच नका. डेन्मार्क, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांनी चेक मोडीत काढले. ऑस्ट्रेलियाही त्याच वाटेवर आहे. पण अमेरिकेतला घरमालक अजून पाकिटात चेकच घालतो, कारण त्याला तो फुकट पडतो आणि खर्च तुमच्या बोकांडी बसतो. घर सोडण्याआधीच त्याला लिहून सांगा की डिपॉझिट तिथल्या खात्यात हवं, आणि ते जमा होईपर्यंत खातं बंद करू नका. परतण्याच्या घाईत मुलं आधी खातं बंद करतात आणि मग चेक येतो.

चेक आलाच असेल तर देणाऱ्याला तो रद्द करून थेट बँकेत पैसे पाठवायला सांगता येतं. नवे पैसे येईपर्यंत जुना चेक फाडू नका, भरूही नका. क्रमांक दिसेल असा फोटो काढून ठेवा. पैसे पाठवणारा फॉर्ममध्ये आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक, मागेल. भारतात आयबॅन नसतो. तिथे खाते क्रमांक चालतो का ते त्याला विचारा आणि सोबत स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेचा आंतरराष्ट्रीय ओळख कोड, द्या. तुमच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल, तर बँकेच्या फॉरेक्स शाखेचा मागून घ्या. आयएफएससी कोड त्याच्या जागी चालत नाही.